एका छपराखालचं काम

१२ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाटल्या धुवायच्या ब्रशांचं पार्सल दोन्ही सुखरूप पोचलं. एक ब्रश मी ऑफिसच्या चहाच्या थर्मासवर चालवून बघितला. थर्मासचा आतला रंग पांढरा आहे हे आम्हा सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिपाईदादांनी तो ब्रश जप्त केला असून ते परत द्यायला तयार नाहीत. तेव्हा आणखी दोन पाठव.

आता खरी बातमी. गेले कित्येक महिने ज्या विधेयकाच्या मसुद्यावर आमचं खातं डोकं आपटतंय, ते अखेर समितीपुढे जातंय. तुला मुद्दाम सांगते, कारण हे काम करताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी तू असतेस. तुला बँक कर्ज देत नाही, कारण शेड भाड्याची आणि तारण ठेवायला काही नाही. पण दुसरी एक वाट आहे. छोट्या धंद्यांत भागीदार होणारे निधी असतात. बँका त्या निधीत आपलं भांडवल घालतात आणि निधी धंद्यात वाटा घेतो. धंदा चालला तर त्यालाही फायदा, बसला तर त्याचेही पैसे बुडाले. तारण नको, हप्ता नको. अडचण एवढीच, की सध्याच्या कायद्याने बँकांना अशा निधीत चिमूटभरच भांडवल घालता येतं. ती मर्यादा तिप्पट करायचं या विधेयकात आहे.

आणि त्यातलं एक कलम चक्क माझ्या हातचं आहे! छोटा उद्योग म्हणजे नक्की काय, हे कायद्यात लिहावं लागतं. नाहीतर लोक दारावर पाटी लावून कागदी कारखाना दाखवतील आणि पैसे घेऊन पसार होतील. आमच्या वरिष्ठ बाई (ज्यांना आम्ही त्यांच्यामागे स्वल्पविराम म्हणतो) दोन दिवस सगळ्यांना विचारत होत्या, की खरा कारखाना ओळखायचा कसा. मला आपली शेड आठवली. दार ढकललं की तार पिळल्याचा आवाज, लांब बाकांवर ब्रशच्या केसांच्या जुड्या बांधणाऱ्या बायका, आणि मधोमध तू, सगळ्यांवर नजर ठेवून. मी लिहिलं, की ज्याचं मुख्य काम एका छपराखाली, मालकाच्या देखरेखीत चालतं तो खरा उद्योग. कायद्याच्या भाषेत ते जरा जड झालंय, पण अर्थ हाच. बाईंनी त्यातला एकही स्वल्पविराम हलवला नाही. मला तर दोन बोटं स्वर्ग उरला.

काकांना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

---

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. तुझ्या काकांना दोनदा वाचून दाखवलं. बँक भागीदार होणार म्हणजे मॅनेजर रोज येऊन आपल्या शेजारी तारा पिळणार का, असा त्यांचा प्रश्न आहे. तसं असेल तर त्या मॅनेजरला चहा मी करणार नाही, हे माझं उत्तर.

थट्टा राहू दे. तुझा कायदा लवकर येऊ दे गं बाई, कारण इथे घोडं अडलंय. हॉस्पिटलांची मोठी मागणी हातातोंडाशी आली आहे, पण हाताने पिळायच्या यंत्रावर ती निघायची नाही. मोटरचं यंत्र हवं. ते आलं तर आपण तरलो. नाहीतर त्या मोठ्या ब्रश कंपनीचा माणूस टपून बसलाच आहे. परवा पुन्हा येऊन गेला. कारखाना, गिऱ्हाइकं, नाव, सगळं विकत मागतो. आवळा देऊन कोहळा काढणारा प्राणी आहे, पण बोलतो मात्र मधासारखं. जूनअखेर उत्तर द्या म्हणाला.

बाकी इकडे सगळं जसंच्या तसं. काळजी करू नकोस, वेळेवर जेव. दोन ब्रश वेगळे पाठवत आहे. शिपाईदादांना म्हणावं, हे शेवटचे फुकटचे.

आमची माया आहेच, तू आठवण काढत जा.

तुझी,
मावशी

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी माझ्या. माझं पोट उतरलंय, डॉक्टर खूष आहेत. जागेच्या मालकाने निम्मी शेड टायरवाल्याला दिल्यापासून सगळ्या जुड्या घरोघरीच बांधल्या जातात ना, त्यामुळे रोज सकाळी केसांचे गठ्ठे सायकलवर पोचवणं आणि संध्याकाळी माल गोळा करणं माझ्याकडे आहे. बायका घरचं सांभाळून बांधतात, त्यांनाही बरं पडतं. शेडमध्ये आता फक्त तार पिळणारे. पण तुझं ते कलम मला फार आवडलं.
– काका

---

९ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

काकांचा ताजा कलम मी चार वेळा वाचला आणि मग जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला.

निम्मी शेड कधी गेली, मावशी? मला कोणी सांगितलं का नाही? तुझी आजवरची सगळी पत्रं काढून बघितली. प्रत्येकात एकच वाक्य, सगळं जसंच्या तसं. मी त्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि कायद्यात लिहून मोकळी झाले! माझ्या कलमाने तुझा कारखाना कारखानाच उरत नाही. मुख्य काम जुड्या बांधायचं, आणि ते ना एका छपराखाली होतं ना तुझ्या नजरेसमोर. हा कायदा असाच झाला तर कुठलाही निधी तुला दारात उभं करणार नाही. ज्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून मी तो लिहिला, नेमकी तीच बाहेर राहिली.

मला तुझा राग आलाय आणि स्वतःचा त्याहून जास्त. मी कधी सुट्टीत दोन दिवस येऊन शेडमध्ये डोकावले असते तरी पुरलं असतं. तेही केलं नाही.

लगेच उत्तर दे. रागावले तरी मी तुझीच.

भिंगरी

---

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग जेवले. जेवल्यावर जास्त राग आला.

शेड निम्मी झाली ते तुझ्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष. कळवलं असतं तर तू पुस्तकं गुंडाळून धावत आली असतीस, मला ठाऊक नाही का तू? तुझी आई तुला माझ्या ओटीत घालून गेली ती काय जुड्या बांधायला? तेव्हा लिहिलं नाही, आणि नंतर लिहायला तोंड राहिलं नाही. एकदा झाकलेलं उघडायचं कसं, तेच कळत नाही माणसाला. चूक झाली म्हण हवं तर. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आता मुद्द्याचं. तूच लिहिलंस ना ते कलम? मग तूच खोड. दोन शब्दांचं तर काम. एका छपराखाली ऐवजी दोनचार छपरांखाली लिही, झालं.

कंपनीचा माणूस काल आला होता. त्याला सरळ विचारलं, की घरी बसून काम करणाऱ्या बायकांचं पुढे काय. शेडमधल्यांना तो ठेवून घेईल म्हणाला, बाहेरच्यांशी त्याचा संबंध नाही. अगं, त्यातल्या तिघी तर तुझ्या लहानपणी त्याच बाकांवर बसायच्या, तुझी वेणी घालून द्यायच्या. त्याच्या हिशोबात त्या नाहीत. आणि आता कळलं, की तुझ्याही नाहीत.

एवढं लिहून मलाच वाईट वाटलं. पण खोडत नाही.

मावशी

---

२६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यावर काही बोलत नाही.

पण मी ते कलम खोडू शकत नाही. मी काल बाईंच्या टेबलाजवळ गेले आणि सगळं सांगितलं. तुझी शेड, काकांची सायकल, सगळं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा आमच्या खात्यात कोणाची तरी बदली होते. म्हणाल्या, की ही चूक खरी आहे आणि ती एका ब्रशवालीपुरती नाही. खोकी चिकटवणारे, पुस्तकं बांधणारे, शिलाई बाहेर देणारे, सगळेच यात मारले जातात. पण ती दुरुस्त करणारा हात माझा नसावा. आपल्या घरासाठी कायद्याला हात लावला तर तो हात कितीही सरळ असला तरी वाकडाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. माझी फाइल त्यांनी काढून घेतली. नोकरी राहिली, हे पुष्कळ.

एप्रिलमध्ये समितीपुढे सुनावणी आहे. ती सगळ्यांना खुली असते. ज्याला बोलायचंय त्याने नाव नोंदवायचं आणि बोलायचं. नोटीस वर्तमानपत्रात येईल. तू आलीस तर ब्रशवाली म्हणून ये, माझी मावशी म्हणून नको. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, आणि यापुढे या विषयावर एक अक्षरही लिहिणार नाही. तूही विचारू नकोस.

माझं वागणं कोरडं वाटेल. तसं ते नाही. हे लिहिताना तीनदा पाणी प्यायले.

तुझीच,
भिंगरी

---

३० मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझी मावशी पत्र लिहायच्या मनःस्थितीत नाही, म्हणून हा अधिकार माझ्याकडे. विषयाबद्दल मी काही लिहीत नाही, तू मनाई केली आहेस. फक्त घरची हवा कळवतो.

घरात आणि शेडमध्ये भाषणाचा सराव चालू आहे. तिने पहिलं भाषण पिळायच्या यंत्रापुढे केलं, दुसरं माझ्यापुढे. यंत्राने जास्त लक्ष दिलं असं तिचं मत पडलं. तिसऱ्या वेळी आवाज इतका चढला, की भाड्यावरून भांडण निघालं असं समजून टायरवाला धावत आला आणि आपणच माफी मागून गेला.

मी एक युक्ती सुचवली होती. उद्या कोणी तपासायला आलंच, तर त्या दिवसापुरतं सगळ्या बायकांना शेडमध्ये दाटीवाटीने उभं करू. त्यावर ती म्हणाली, की खोटं छप्पर दाखवून खरे पैसे घ्यायचे असतील तर तो कंपनीचा माणूस काय वाईट. मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरं झालं, सराव तरी थांबला.

तिकिटं काढली आहेत. आम्ही लॉजवर उतरणार. तुझ्याकडे यायचं नाही, भेटायचं नाही, तुझ्यावर कोणाचं बोट उठायला नको, हे तिने ठरवून टाकलंय. मला फार जड जातंय. पण घरात माझं काय चालतं, ते तू जाणतेस.

आशीर्वाद आणि काळजी, दोन्ही भरपूर.

काका

---

१८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्या शहरात राहिले आणि तुझ्याशी एक शब्द न बोलता परत आले. असा प्रवास वैऱ्यावर येऊ नये.

त्या लांब व्हरांड्यात तू छातीशी फायली धरून समोरून आलीस तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिले. ते बंद होतं, तरी बघत राहिले. तुझे काका मात्र सुधारायचे नाहीत. त्यांनी मान लववून तुला नमस्कार मॅडम म्हटलं, आणि तू तितक्याच गंभीरपणे नमस्कार म्हणून गेलीस. वळणावर तुझे खांदे हलताना दिसले. हसत होतीस की रडत होतीस, ते कळव. वाळली आहेस फार.

सुनावणी संपली, तेव्हा आता सांगायला हरकत नसावी. माझ्याआधी बँकवाले बोलले, निधीवाले बोलले, एक विद्वान गृहस्थ खूप वेळ आकडे बोलले. मग माझी पाळी. पाठ केलेलं भाषण पहिल्या वाक्यानंतर जे गेलं ते गेलंच. मग नुसतं सांगत सुटले, की आमच्याकडे कसं चालतं, गठ्ठे कसे जातात, जुड्या कशा येतात, कोणाचं लहान मूल आहे, कोणाची सासू अंथरुणावर आहे.

जाड चष्म्याच्या एका सभासदांनी मला थांबवलं. त्यांनी विचारलं, की छप्पर एक नसेल तर खरा कारखाना आणि कागदी कारखाना यांतला फरक सरकारने ओळखायचा कसा. आमची माणसं घरी बसून काम करतात, असं तर कोणताही लबाड सांगेल. तो माणूस वाकड्यात शिरत नव्हता, त्याचा प्रश्न रास्त होता. तुलाही तोच पडला होता ना?

शेवटी सुचलं ते बोलले, की छप्पर नका मोजू, माणसं बघा. ज्यांची नावं मजुरांच्या पटावर आहेत आणि ज्यांना मजुरी मिळते ती माणसं, मग ती कुठेही बसोत. लगेच त्यांनी विचारलं, की तुमच्या त्या बायका तुमच्या पटावर आहेत का.

नाहीत, म्हटलं. का नाहीत, विचारलं. भिंगरे, तिथे खोटं बोलता आलं असतं. पण तू तुझ्या बाईंपुढे उभी राहिलीस ते आठवलं. मी सांगून टाकलं, की रोजची मजुरी हातावर ठेवली की पट लागत नाही आणि ते मला स्वस्त पडतं. कायद्याने भाग पाडलं तर मी नावं लावीन. नाही पाडलं तर कोणी लावणार नाही, मीसुद्धा नाही.

मला वाटलं, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. परतीच्या गाडीत तुझ्या काकांनी आपल्यातली अर्धी पोळी वाढून दिली.

तुझ्यावरचा राग कधीच गेला. माया आहे तिथेच आहे.

मावशी

---

२० जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

हसत होते आणि रडत होते. दोन्ही. वळणावर शिपाईदादा भेटले, त्यांनी काही न विचारता पाणी आणून दिलं.

विधेयक काल मंजूर झालं! आज राजपत्रात छापून आलं, म्हणजे आता जे सगळ्या जगाला वाचता येतं ते मी तुला लिहू शकते. बँकांची मर्यादा तिप्पट झाली. आणि छपराचं माझं कलम गेलं. त्या जागी असं आलं, की काम कुठल्याही जागी होवो, करणाऱ्याचं नाव पटावर असेल आणि त्याची मजुरी चुकती होत असेल, तर ते त्या उद्योगाचंच काम. बाईंनी स्वतः लिहिलं ते. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, आणि हे मी जळून म्हणत नाही. थोडंसं जळून म्हणते.

पण मावशी, हुरळून जाऊ नकोस. कायद्याने बँकांना मुभा दिली आहे, सक्ती नाही. त्या पैसे घालतील, मग निधीवाले धंदे तपासतील, मग ठरवतील. तीस जूनच्या आत तुला होकार येणं शक्य नाही. आणि मी कुठेही शब्द टाकणार नाही, हे तुला माहीत आहेच. कंपनीच्या माणसाला काय सांगायचं ते तुझं तुलाच ठरवावं लागेल. हातचं सोडून पळत्याच्या मागे लाग असं सांगायची माझी छाती नाही. नको लागू असंही सांगवत नाही.

मला पुलांच्या कायद्यांवर टाकलंय. पूल हलत नाहीत, त्यामुळे चुका कमी होतील अशी बाईंची आशा आहे.

काकांना त्यांच्या ‘नमस्कार मॅडम’कडून नमस्कार. ओढ आहेच, ती तुझ्याकडूनही असू दे.

तुझी,
भिंगरी

---

२१ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मध्यंतरी तुला दोनदोन ओळींची कार्डं टाकली, कारण सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. आज आहे, तेव्हा बैस आणि नीट वाच.

तीस जूनला मी कंपनीच्या माणसाला नाही सांगितलं. हातात काही नसताना. तुझे काका म्हणाले, की फार तर सायकल आहेच, दूध पोचवू. मग आम्ही दोघांनी मुकाट्याने पट तयार करायला घेतला. नावं लावायची तर मजुरीबरोबर विमा-पेन्शनचा वरचा भारही मालकाने उचलायचा. तो जवळजवळ तीन महिने उचलला, माझ्या बांगड्यांनी उचलला. रागावू नकोस, हात हलके वाटतात.

निधीकडून एक बाई आल्या. शेड बघितली, वह्या बघितल्या, आणि मग काकांच्या सायकलीमागून घरोघर पायी फिरल्या. प्रत्येकीजवळ बसून तिचं काम बघितलं. काल होकार आला. मागितलं त्याहून कमी दिलं आणि वाटा मात्र चार आणे घेतला, पण त्यांचा आमचा व्यवहार न्यायाचा आहे. यंत्र पुढच्या महिन्यात येईल. हॉस्पिटलवाले थांबले आहेत. भिंगरे, आपण तरलो गं. सगळे तरलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. पटावर सगळ्यांची नावं चढली, एक सोडून. जिन्याखालच्या खोलीत राहते ती. तुझी वेणी घालून द्यायच्या त्या तिघींतली. तिच्या मुलांना आई मजुरी करते हे कोणाला कळायला नको होतं, म्हणून ती नको नको म्हणत राहिली. तिला सोडून पट पुरा केला होता. पटाबाहेरच्या हाताला आता काम देता येत नाही, तेव्हा तिचं काम बंद करावं लागणार म्हणून माझा जीव तुटत होता.

आज सकाळी शेड उघडली तर ती दाराशी उभी. चांगलं लुगडं नेसून आलेली. म्हणाली, की मुलांना सांगून आले, आता लिहा. मी पट उघडला, लेखणी घेतली, आणि हात थांबला. तिचं नाव मला माहीत नव्हतं. तू शाळेत जात नव्हतीस तेव्हापासून ती माझ्याकडे काम करते, तिच्या हातच्या जुड्या विकून मी घर चालवलं, तुला शिकवलं, आणि आम्ही सगळे तिला जिन्याखालची म्हणत आलो. मला मान वर करून विचारावं लागलं. तिने सांगितलं. मी लिहिलं. मग ती म्हणाली, की जरा मोठ्याने वाचून दाखवा. वाचलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि पदर सावरून गठ्ठा घेऊन गेली.

मी तिथेच बसून राहिले. 

तिचं नाव या पत्रात लिहीत नाही. तू रजा काढ, इकडे ये, आणि तिचं तिलाच विचार.

लोभ करतेसच, त्यात कपात नको.

तुझी,
मावशी